मनीमाजऱ्याच्या वाटेवरील चित्रपटगृहे

शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगढ नगरीची कीर्ती देशभर आहे. परंतु ह्याच नगरीच्या पूर्व सीमेवर, पंचकुल्याच्या वाटेवर असलेल्या मनीमाजरा ह्या जुन्या गावाचे नाव महाराष्ट्रातील फार थोड्या लोकांच्या कानांवर आलेले असेल. सिमल्यास जाणारे आपल्याकडील प्रवासी चंडीगढच्या स्थानकावरून पुढे काल्क्याकडे जातात. हे स्थानक मनीमाजऱ्यापासून फारसे दूर नाही, पण गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास त्याची कल्पना येत नाही.

मनीमाजरा चंडीगढपेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी वडील आहे. १७५८ साली रघुनाथरावांच्या फौजांनी शिखांच्या साह्याने सरहिंद घेतले, हा इतिहास मराठी वाचकांस ठाऊक आहे. पुढे १७६४ मध्ये शिखांनी सरहिंदचा अफगाण अंमल कायमचा मोडला, आणि त्या धामधुमीत गरीबदास नावाच्या सरदाराने मनीमाजऱ्यास आपले छोटेसे संस्थान उभारले. त्याच्याच घराण्यातील राजा गोपाळसिंग ह्याने १८११ ते १८१५ ह्या काळात जवळच्या टेकडीवर मनसादेवीचे मंदिर बांधले. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवरात्रांत तेथे आजही मोठी यात्रा भरते. गावातील जुना किल्ला कालांतराने फरीदकोट राजघराण्याच्या मालमत्तेत गणला गेला. त्या मालमत्तेच्या वारसाहक्काचा दीर्घकाळ चाललेला दावा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला.

स्वातंत्र्यानंतर पंजाबची नवी राजधानी ह्या परिसरात उभी राहिली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, तेव्हा चंडीगढ केंद्रशासित झाले आणि मनीमाजरा त्यातच समाविष्ट झाला. नगररचनाकारांनी चंडीगढच्या विभागांना क्रमांक देताना तेरा हा आकडा गाळला होता. २०२० मध्ये तो मनीमाजऱ्यास देण्यात आला आणि जुने गाव कागदोपत्री सेक्टर १३ झाले. लोकांच्या तोंडी मात्र मनीमाजरा हेच नाव आहे. अरुंद गल्ल्या, मोरी गेटची वस्ती, मोटारींचे सुटे भाग विकणारा व दुरुस्ती करणारा मोठा बाजार, माता राज कौर ह्यांच्या नावाचा गुरुद्वारा आणि रोजंदारीवर राबणाऱ्या माणसांची वर्दळ, असे ह्या गावाचे रूप आहे. आखीव चंडीगढमधून येथे येणाऱ्या माणसास आपण दुसऱ्याच गावी आलो असे वाटते.

अशा ह्या गावाच्या वाटेवर एक प्रश्न पाहण्यासारखा आहे, आणि तो केवळ ह्या गावाचा नाही. चित्रपटगृह बांधणे सोपे, पण ते रोज भरणे किती कठीण, हा तो प्रश्न होय. सहा-सात किलोमीटरच्या ह्या एकाच रस्त्यावर त्याची निरनिराळी उत्तरे दृष्टीस पडतात.

आराखड्यातील करमणूक

चंडीगढची उभारणी सुरू झाली तेव्हा शाळा, बाजार, दवाखाना ह्यांबरोबर चित्रपटगृहासही आराखड्यात जागा दिली गेली. सर्वप्रथम वसलेल्या विभागांपैकी सेक्टर २२ मध्ये ‘किरण’ हे शहरातील पहिले चित्रपटगृह उभे राहिले. त्याचा आराखडा मॅक्सवेल फ्राय ह्या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने केला. पुढे सेक्टर १७ ह्या मुख्य बाजारपेठेत ‘नीलम’, ‘जगत’ आणि ‘के. सी.’ ही तीन चित्रपटगृहे आली. त्यांचे वास्तुकार आदित्य प्रकाश हे १९५२ साली राजधानीच्या कामावर रुजू झालेले भारतीय तज्ज्ञ. ते स्वतः रंगभूमीचे शोकीन होते, आणि शहरातील टागोर थिएटर हीदेखील त्यांचीच रचना. सेक्टर १७ मधील इतर इमारती एका ठरलेल्या साच्याच्या आहेत. चित्रपटगृहांना मात्र त्यांच्या कामास साजेसा निराळा आकार मिळाला.

त्या काळी हा विचार दूरदृष्टीचा होता. देशाच्या फाळणीने उखडलेली, निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली माणसे ह्या नव्या शहरात एकमेकांस अनोळखी होती. सायंकाळी एकाच छपराखाली बसून एकाच प्रसंगाला हसण्या-रडण्याची सोय करणे, हा शहरास शहरपण देण्याचाच एक भाग होता. पुढे वस्ती दक्षिणेकडे वाढली तशी ‘निर्माण’, ‘पिकॅडिली’, ‘बत्रा’ अशी चित्रपटगृहे त्या भागातही उभी राहिली. मनीमाजऱ्यात ‘ढिल्लन’ हे नाव लोकांच्या चांगल्या ओळखीचे झाले.

परंतु आराखडा जागा देऊ शकतो, प्रेक्षक देऊ शकत नाही. ‘के. सी.’ पाडले गेले. ‘जगत’च्या जागी बाजारसंकुल आले. ‘पिकॅडिली’चे रूपांतर अनेक पडद्यांच्या संकुलात झाले. ज्या इमारती शहराच्या शिल्पाचा भाग म्हणून वाखाणल्या गेल्या, त्यांतील काही अर्ध्या शतकातच दिसेनाशा झाल्या किंवा ओळखू येईनाशा झाल्या. हे का घडले, हे समजण्यासाठी चित्रपटगृहाचा व्यवहार थोडा जवळून पाहिला पाहिजे.

रिकाम्या खुर्चीचा हिशेब

भाजीवाल्याची जुडी सायंकाळपर्यंत सुकली तरी ती निम्म्या किमतीस जाते. कापड दुकानदाराचा न खपलेला तागा पुढील सणास उपयोगी पडतो. चित्रपटगृहाचा माल म्हणजे खुर्ची, आणि खेळ सुरू झाला की रिकाम्या खुर्चीची त्या वेळेची किंमत शून्य होते. ती उद्यासाठी राखून ठेवता येत नाही.

समजा, एका सभागृहात ८०० खुर्च्या आहेत आणि दिवसाला चार खेळ होतात. म्हणजे रोज ३,२०० आसने विक्रीस असतात. त्यांपैकी ३२० गेली, तर नऊशतांश माल डोळ्यांदेखत वाया गेला असे नव्हे, तर दहापैकी नऊ हिस्से वाया गेले. खर्च मात्र तितकाच राहतो. पंजाबच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र ३२० माणसांसाठी निराळे व ८०० माणसांसाठी निराळे चालत नाही. यंत्रचालक, दारावरचा माणूस, झाडूवाला, वीज, परवाना, आगप्रतिबंधक साधने ह्यांपैकी काहीही प्रेक्षकांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही.

शिवाय तिकिटाचा सर्व पैसा मालकाचा नसतो. आधी कर जातो, मग वितरकाचा हिस्सा. चित्रपट कधी ठोक भाड्याने मिळतो, कधी किमान रकमेच्या हमीवर, तर कधी टक्केवारीवर. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक ह्यांच्यात टक्केवारीवरून सुमारे दोन महिने तंटा चालला आणि त्या काळात मोठे हिंदी चित्रपट ह्या पडद्यांवर येईनासे झाले. अखेरीस जो करार झाला त्याप्रमाणे वितरकास पहिल्या आठवड्यात निम्मा हिस्सा, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के असे प्रमाण ठरले. म्हणजे चित्रपट जितके आठवडे टिकेल तितका चित्रपटगृहाचा लाभ अधिक. पूर्वी रौप्यमहोत्सवाचे फलक अभिमानाने झळकत, त्यामागे हे गणितही होते. आता बहुतेक चित्रपटांची गर्दी पहिल्या तीन-चार दिवसांतच ओसरते, आणि ज्या आठवड्यांत मालकाच्या हाती काही पडावयाचे, त्याच आठवड्यांत सभागृह ओस असते.

चित्रपट हाती येण्याची रीतही बदलली. पूर्वी पडद्यावरील चित्र रिळांच्या पेट्यांतून येई. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले, त्यामुळे अडीच तासांच्या चित्रपटास चौदा-पंधरा रिळे लागत. प्रती महाग असल्याने त्या प्रथम मोठ्या शहरांत लागत आणि लहान गावांस झिजून, ओरखडे पडून, काही महिन्यांनी मिळत. दोन चित्रपटगृहांत एकच प्रत चालवून सायकलस्वाराकरवी रिळे पोहोचविण्याचा प्रकारही सर्रास चाले. ह्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या मध्यापर्यंत रिळे जवळजवळ नाहीशी झाली आणि डिजिटल प्रक्षेपण सर्वत्र आले. लहान गावासही पहिल्याच शुक्रवारी स्वच्छ चित्र मिळू लागले. पण हा लाभ मिळाला तो प्रेक्षक घरी बसू लागल्यानंतर.

प्रेक्षक कोठे गेला?

प्रेक्षक एकाएकी गेला नाही. आधी, १९८० नंतरच्या दशकात, व्हिडिओ कॅसेट आली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास दूरचित्रवाणी रंगीत झाली. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रस्ते निर्मनुष्य होत. पंजाबात तर त्याच दशकात अशांततेचे दिवस आले. रात्री उशिरा सहकुटुंब बाहेर पडणे जेथे धोक्याचे, तेथे शेवटच्या खेळास कोण जाणार? एकदा मोडलेली सवय परिस्थिती निवळल्यावरही पूर्ववत होत नाही.

उत्पन्न घटले की प्रथम डागडुजी थांबते. खुर्चीची स्प्रिंग वर येते, पडदा पिवळा पडतो, स्वच्छतागृहास दुर्गंधी येते. मग स्त्रिया येईनाशा होतात, आणि त्यांच्यामागोमाग मुले. कुटुंब गेले की मालक उरलेल्या प्रेक्षकांसाठी भडक चित्रपट लावतो, आणि ते फलक पाहून कुटुंबे पुन्हा कधीच येत नाहीत. असंख्य गावांतील चित्रपटगृहे ह्याच क्रमाने बंद पडली आहेत.

दुरुस्ती हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही, हे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहातील आगीने दाखवून दिले. तेथे ५९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर बाहेर पडण्याच्या वाटा, विजेची उपकरणे व आसनांची मांडणी ह्यांविषयी प्रशासन अधिक कडक झाले. ते योग्यच होते. मात्र जे सभागृह आधीच तोट्यात होते, त्यास ह्या आवश्यक खर्चाचाही भार पेलेना.

एका पडद्याचे अनेक पडदे

१९९७ मध्येच दिल्लीत साकेत येथील ‘अनुपम’ ह्या जुन्या चित्रपटगृहाचे चार पडद्यांत रूपांतर झाले आणि आपल्या देशात मल्टिप्लेक्सचे युग सुरू झाले. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात ही लाट मनीमाजऱ्यासही पोहोचली. येथे ‘फन रिपब्लिक’ हे संकुल उभे राहिले. त्याची मूळ कंपनी पुढे मेक्सिकोतील ‘सिनेपोलिस’ने विकत घेतली. अशा रीतीने शिवालिकच्या पायथ्याचे हे जुने संस्थानी गाव परदेशी कंपनीच्या नकाशावर आले.

मल्टिप्लेक्सने रिकाम्या खुर्चीचा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. आठशे खुर्च्यांचे एक सभागृह करण्याऐवजी दोन-तीनशे खुर्च्यांची चार सभागृहे करावयाची. गर्दीचा चित्रपट मोठ्या सभागृहात ठेवावयाचा, ओसरू लागला की लहान सभागृहात न्यावयाचा. सकाळी तिकीट स्वस्त, रविवारी महाग. आणि तिकिटाइतकेच लक्ष खाद्यपदार्थांच्या विक्रीवर, कारण त्या पैशात वितरकाचा हिस्सा नसतो. बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई करण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांनी आणलेले अन्न अडवू नये, हेही स्पष्ट केले. गृहिणींनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या व्यवस्थेने चित्रपट-व्यवसाय सावरला हे खरे. स्वच्छता आली, सुरक्षितता आली, स्त्रिया आणि मुले परत आली. पण सर्वांची नव्हे. मनीमाजऱ्याच्या मोटारबाजारात दिवसभर तेलकट हातांनी काम करणाऱ्या मेकॅनिकने पत्नी व दोन मुलांसह मल्टिप्लेक्समध्ये जावयाचे ठरविले, तर चार तिकिटे आणि मध्यंतरातील लाह्या ह्यांत त्याची एका दिवसाहून अधिक कमाई सहज संपते. जुने चित्रपटगृह बंद पडले म्हणून हा माणूस नव्या चित्रपटगृहाकडे वळत नाही. तो चित्रपटगृहात जाणेच सोडून देतो आणि हातातील दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर एकट्याने चित्रपट पाहतो. शहराच्या एका मोठ्या वर्गाची एकत्र बसण्याची जागा अशी नाहीशी होते, आणि ही हानी कोणाच्याही हिशेबवहीत लिहिली जात नाही.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्रातील वाचकांस ही कहाणी परकी वाटू नये. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील ‘कॉरोनेशन’ चित्रपटगृहात झळकला. ते चित्रपटगृह आज नाही. पुण्याचे ‘प्रभात’ चित्रपटगृह १९३४ मध्ये उघडले आणि ऐंशी वर्षे त्या नावाने चालले. २०१४ अखेर भाडेकरार संपून वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि पुढे ‘किबे लक्ष्मी’ ह्या नावाने पुन्हा सुरू झाली. मुंबईत लालबागच्या ‘भारतमाता’ने गिरणी कामगारांना परवडणाऱ्या दरात मराठी चित्रपट दाखविले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या, तेव्हा त्या चित्रपटगृहाचा प्रेक्षकच वस्तीतून विखुरला. चित्रपटगृहाचे दैव आसपासच्या रोजगाराशी कसे बांधलेले असते, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

ग्रामीण भागात तर तंबूतील फिरता सिनेमा जत्रांमागून जत्रा करीत हिंडत असे. ट्रकवर प्रक्षेपण-यंत्र, तंबूचे कापड आणि कर्णा लादून तो गावोगाव जाई. ज्या मंडळींची वर्षाकाठची करमणूक म्हणजे देवाची जत्रा, त्यांच्या पायाशी चित्रपट चालत येई. ह्या फिरत्या सिनेमाच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरविला गेला. तंबूवाल्यांनी एक गोष्ट ओळखली होती : प्रेक्षक येत नसेल तर प्रेक्षक असेल तेथे आपण जावे.

गेलेला प्रेक्षक परत येतो काय?

कोरोनाच्या साथीत २०२० च्या मार्च महिन्यात देशातील चित्रपटगृहे बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांसह उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत सुरू झाली. त्या अवधीत घरबसल्या नवे चित्रपट पाहण्याची सवय लागली. चित्रपटगृहांचे दिवस संपले, असे पुष्कळांनी बोलून दाखविले.

तथापि त्यानंतरच्या काही घटना विचार करावयास लावणाऱ्या आहेत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त देशभर अनेक पडद्यांवर तिकीट ७५ रुपये ठेवले, तेव्हा त्या एकाच दिवशी ६५ लाखांवर प्रेक्षक आले. प्रेक्षकास चित्रपटगृहाचा कंटाळा आलेला नाही, दर आड येतो, हे त्यावरून दिसते. २९ जून २०२३ रोजी ‘कॅरी ऑन जट्टा ३’ हा पंजाबी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याने शंभर कोटींची मजल मारली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला, केदार शिंदे ह्यांचा ‘बाईपण भारी देवा’ महाराष्ट्रात लागला आणि गावोगावच्या स्त्रिया गट करून, नटूनथटून तो पाहावयास गेल्या. एकाच आठवड्यात पंजाब आणि महाराष्ट्र ह्या दोन्ही प्रांतांत जे घडले, त्याचे मर्म एकच आहे. आपल्या भाषेत, आपल्या घरातील माणसांची गोष्ट सांगितली, तर घर सोडून न निघणारी माणसेही निघतात. १९६९ मध्ये ‘नानक नाम जहाज है’ पाहताना पंजाबातील भाविक आदराने डोके झाकून बसत. त्याआधी १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक मुक्काम केला होता. ही परंपरा तुटलेली नाही.

शासनाचा वाटाही येथे आहे. १ जुलै २०१७ पूर्वी करमणूक कर राज्यपरत्वे वेगळा असे. त्यानंतर वस्तू व सेवा कर सर्वत्र सारखा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील हा कर १२ वरून ५ टक्के करण्यात आला असून, त्यावरील तिकिटास १८ टक्के कर आहे. स्वस्त तिकिटाचे सभागृह चालविणाऱ्यास हा दिलासा आहे. परंतु तो कामी येण्यासाठी असे सभागृह शिल्लक असले पाहिजे. मुंबईत जुने चित्रपटगृह पाडताना नव्या इमारतीत काही आसनांचे चित्रपटगृह ठेवण्याची अट नियमांत घालण्यात आली. अशा अटीने खुर्च्या वाचतात. त्या खुर्च्यांचा दर कोणाच्या खिशास झेपणारा असावा, ह्याचाही विचार व्हावयास हवा.

मनीमाजऱ्याच्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाने म्हणून मनसादेवीच्या दर्शनाबरोबर आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. सेक्टर २२ पासून सुरुवात करावी, सेक्टर १७ चा चौक ओलांडावा, मध्य मार्गाने पूर्वेस यावे आणि सायंकाळी मोटारबाजाराची दुकाने बंद होण्याच्या वेळी गावात पोहोचावे. शटरे खाली ओढून, हात पुसून माणसे घराकडे निघालेली असतात. त्यांच्यापैकी किती जणांना, मुलांचा हट्ट पुरविण्यासाठी का होईना, आठवड्यातून एकदा पडद्यासमोर सहकुटुंब बसता येते, हे ज्या दिवशी समाधानाने सांगता येईल, त्या दिवशी ह्या गावाची चित्रपटगृहे चांगली चालली आहेत असे खुशाल समजावे.